कागद, शाई, लिफाफा

या पार्सलात दोन वस्तू आहेत, एक पुस्तक आणि एक वही. पुस्तक इंग्रजी आहे, वही मराठी. ही प्रस्तावना पुस्तकाची नाही, वहीची आहे. पुस्तकाला माझ्या शिफारशीची गरज नाही. 2003 साली निघाल्यापासून ते आपल्या पायांनी जगभर हिंडतं आहे. वहीचं तसं नाही. ती यवतमाळकडच्या आमच्या नेरच्या बाजारातून आणलेली, दोनशे पानी, आणि ही चार-सहा पानं सोडली तर कोरी आहे.

सोय साधी आहे. प्रत एकच आणि वाचणारे नऊ. प्रत्येकानं तीन आठवडे पुस्तक ठेवायचं, वाचायचं, वहीत काय सुचेल ते लिहायचं आणि दोन्ही वस्तू पुन्हा बांधून यादीतल्या पुढच्या पत्त्यावर टाकायच्या. नेर, दारव्हा, कारंजा, अमरावती, मग पुणे, नाशिक आणि परत नेर. यादीतल्या एक ताई न्यू जर्सीत एडिसनला असतात. तिथवर पार्सल पाठवायचं म्हटलं तर पुस्तकापेक्षा टपालखर्च जड होईल, म्हणून त्यांनी प्रत तिथल्या ग्रंथालयातून घ्यावी आणि आपली पानं तेवढी लिफाफ्यातून धाडावीत, असं ठरलं. ती आम्ही वहीत डकवू.

पुस्तकाचं नाव ‘फनी इन फार्सी’, लेखिका फिरूझे डुमा. इराणच्या आबादानमध्ये जन्मलेली ही मुलगी 1972 साली, सात वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर गावी आली. वडील तेल कंपनीत इंजिनिअर. तरुणपणी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून गेलेले, त्यामुळे घरात त्यांचा दर्जा अमेरिकेच्या तज्ज्ञाचा. प्रत्यक्षात त्यांचं इंग्रजी यंत्रांच्या आणि समीकरणांच्या कामाचं. दुकानात, रस्त्यावर, शेजाऱ्यापाशी ते उपयोगी पडेना. आईला तर इंग्रजी येतच नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी मायलेकी घरी परतताना वाट चुकल्या. सगळी घरं सारखी, सगळी अंगणं सारखी. शेवटी एका अनोळखी बाईनं त्यांना घरात घेतलं आणि वडिलांना फोन लावला. डुमांनी या आठवणी मुळात आपल्या मुलांसाठी लिहायला घेतल्या होत्या, आणि ते वाचताना कळतं. आजी नातवंडांना सांगते तसा सूर आहे. कुठे रडायचं ते सांगत नाही, आणि कुठे हसायचं तेही नाही.

दुसरा एक प्रसंग डिस्नेलँडमधला. मुलगी गर्दीत हरवते, हरवलेल्या मुलांच्या खोलीत नेऊन बसवली जाते. थोड्या वेळानं तिथे एक रडणारं परदेशी पोरगं आणतात. त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही. मग सगळे हिच्या मागे लागतात की तू बोल त्याच्याशी तुमच्या भाषेत. पोरगं निघतं रोमानियाचं. मोठ्या माणसांचा हिशेब असा की परदेशी मुलगा आणि परदेशी मुलगी, म्हणजे भाषा एकच असणार. आपल्याकडे हा हिशेब अनोळखी नाही. मुंबईत उत्तरेकडचा प्रत्येक जण ‘भैया’ असतो, दक्षिणेकडचा प्रत्येक जण ‘मद्रासी’, आणि विदर्भातला प्रत्येक जण नागपूरचा.

तर मी पुण्याला शिकायला गेलो, त्याची गोष्ट. ती इथेच सांगून टाकतो, म्हणजे वहीत काय लिहायचं याचा अंदाज येईल.

खोलीवर स्वयंपाक करायचा होता. भाजीवाल्याला म्हणालो, “भाऊ, दोन रुपयांचा सांबार द्या.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातानं समोरचं उडप्याचं हॉटेल दाखवलं. मी म्हणालो, “शिजलेला नाही, हिरवा पाहिजे.” यावर तो जे हसला, ते शेजारच्या गाड्यावरच्यानंही ऐकलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्याला कसं ठाऊक असणार? आणि पुण्यात सांबाराला फक्त इडलीबरोबरच किंमत आहे, हे मला तरी कुणी सांगितलं होतं? त्याच आठवड्यात एकानं विचारलं, “काय करतोस?” मी म्हणालो, “जेवून राहिलो.” तो गंभीरपणे म्हणाला, “राहिलास कशाला, जेवून घे ना.” माझ्या वाक्याचा अर्थ जेवतो आहे, त्याला ऐकू आलं, जेवायचा राहिलो. पुढचे सहा महिने मी ‘राहिलो’ हे क्रियापद गावाकडे ठेवून वावरलो. सुटीत यवतमाळहून एसटी नेरकडे वळली की ते आपोआप तोंडात परत यायचं.

डुमांच्या पुस्तकात नावाचं एक प्रकरण आहे. फिरूझे हे नाव अमेरिकन मुलांच्या जिभेला वळेना, म्हणून तिनं शाळेत ज्युली हे नाव घेतलं. सोय झाली, पण एक विचित्र गोष्ट घडली. ज्युलीसमोर लोक इराण्यांविषयी मनातलं बोलू लागले, कारण त्यांना वाटायचं ही आपलीच. माझ्याही ‘राहिलो’ सोडलेल्या मराठीसमोर लोकांनी विदर्भाविषयी बरंच मनातलं बोलून घेतलं. ते इथे लिहीत नाही. वहीत पानं पुष्कळ आहेत.

मराठी माणसाला खरं तर हे नाव अडायला नको होतं. फिरूझे म्हणजे पिरोजा, आणि फिरोजी रंगाची साडी यवतमाळच्या कुठल्याही दुकानात मागितली तर दुकानदार विचारात पडत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी पुढेही आपल्या घरातून कागद, शाई, दफ्तर, लिफाफा गेले नाहीत. म्हणजे हे पार्सल ज्या सामानावर चालणार आहे, ते बरंचसं तिच्याच भाषेतून आपल्याकडे आलेलं आहे. आबादानची पोर व्हिटियरला परकी ठरली. नेरला आली असती तर निदान लिहिण्याचं साहित्य तिनं आपल्या शब्दांत मागितलं असतं.

आता कुणी विचारील, मराठीत काय कमी आहे म्हणून इराणी बाईचं इंग्रजी पुस्तक फिरवता? प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर मी बराच विचार केला आहे. परदेशाविषयी हसत लिहिण्यात मराठी मागे नाही. पु. ल. देशपांडे बीबीसीत शिकायला गेले आणि 1960 साली ‘अपूर्वाई’ आलं. नंतर ‘पूर्वरंग’, ‘जावे त्यांच्या देशा’. रमेश मंत्रींनी प्रवासातून विनोद काढला. लक्ष्मण देशपांड्यांनी तर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात एकट्यानं बावन्न माणसं उभी केली. तो प्रयोग मराठवाड्याचा. नेरच्या माणसाला नाव ऐकून आधी वाटतं की आपलाच प्रांत लंडनला निघाला; मग कळतं की हे वऱ्हाड लग्नाचं. तरी त्यातल्या विमानतळावरच्या मंडळींना पाहून आम्ही हसलो ते ओळखीचं हसलो.

पण नीट पाहा. ही सगळी माणसं परत येणारी आहेत. पु. लं.चं परतीचं तिकीट खिशात होतं, देशपांड्यांचं वऱ्हाड लग्न लावून घरी यायचं होतं. पाहुण्याचा विनोद वेगळा. त्याला यजमानाच्या घरातली प्रत्येक गोष्ट नवी दिसते आणि तो ती खुशीनं दाखवतो, कारण महिन्या-दीड महिन्यात, फार तर वर्षात, आपल्या घरचं वरण-भात मिळणार हे त्याला माहीत असतं. राहायला गेलेल्याचा विनोद दुसऱ्या जातीचा. तिथे चूक झाली तर ती उद्याही निस्तरायची असते, त्याच शेजाऱ्यासमोर. मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ आहे, आणि ते राहणाऱ्या बाईचं आहे. पण त्यांचा जीव लंडन दाखवण्यात अधिक रमतो, घरातली फजिती सांगण्यात कमी. अमेरिकेतल्या मराठी लिखाणात माझ्या वाचनात आलं ते बहुतेक आठवणींनी ओलं झालेलं: आईच्या हातची पोळी, पहिला पाऊस, गणपती. ते खोटं नाही. पण मला वाटतं, ओलं झालं की हसू पेटत नाही.

याचं कारण मी माझ्यापुरतं असं लावतो. 1965 साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येनं जाऊ लागले. त्यांच्या मागे गावात आख्खी पंचक्रोशी उभी असायची. निळ्या एरोग्रामवर जे यायचं ते घरात मोठ्यानं वाचलं जायचं, शेजारी ऐकायला बसायचे. त्या पत्रात ‘मी दुकानात मीठ मागितलं आणि मला धुण्याची पावडर मिळाली’ असं कोण लिहील? ‘इकडे सर्व कुशल’ असंच लिहायचं. मुलाची फजिती म्हणजे घराण्याची फजिती. पुढे 1981 मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, 1984 साली त्याचं पहिलं अधिवेशन तिथेच झालं, नाटकं बसली, स्मरणिका निघाल्या. पण पहिल्या वर्षांतली फजिती तोवर जुनी होऊन गेली होती. आमच्या भागात तर परदेशी जाणं याहून कितीतरी आधीपासून मान उंच करणारी गोष्ट होती. नेरपासून लांब नसलेल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात एडिंबरा आणि ऑक्सफर्ड करून बॅरिस्टर होऊन आले. अशा माणसाच्या पहिल्या विलायती हिवाळ्यातली तारांबळ कुणी विचारली असेल असं वाटत नाही. विचारायला हवी होती.

डुमांना ती अडचण नव्हती असं नाही. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत माणसं ओलीस धरली गेली आणि तो पेच 444 दिवस चालला. अमेरिकेत इराणी असणं एका रात्रीत अवघड झालं. वडिलांची नोकरी गेली. कुठून आलात असं विचारलं की आई रशिया किंवा तुर्कस्तान सांगू लागली. हा भागही त्या हसत सांगतात, पण तिथलं हसू तोंडाच्या एकाच बाजूनं येतं. पुस्तकाची खरी ताकद मला इथे दिसली. अमेरिकनांची खिल्ली उडवणं सोपं होतं; त्यांनी बहुतेक वेळा आपल्या घराची उडवली आहे, आणि मदत करणाऱ्या अनोळखी बाईला विसरल्या नाहीत.

असं पुस्तक एकट्यानं वाचलं तर अर्धंच वाचून होतं. हसू आलं की आपण आधी आजूबाजूला पाहतो, कुणी आहे का. मी हे पुस्तक पहिल्यांदा एसटीत वाचलं. शेजारच्या काकांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, “काय लिवलं हाय बा येवढं?” मी डिस्नेलँडचा प्रसंग मराठीत सांगितला. ते म्हणाले, त्यांचा मुलगा सुरतेला आहे, तिथे त्याला कुणी ओडिशाचा समजून ओडियात बोलतं. पुढे नेर येईपर्यंत पुस्तक मिटलेलंच राहिलं. ही वही त्या प्रवासातून निघाली आहे.

पुस्तकं फिरवण्याची कल्पना माझी नाही, हे सांगितलं पाहिजे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला लावलं आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानानं सोसला. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधारानं विनायक रानडे यांनी 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवलं. पंचवीस पुस्तकांची पेटी, तिच्याभोवती पस्तीस वाचकांचा गट, ठरावीक महिन्यांनी पेटीची अदलाबदल. त्या पेट्या दुबई, नेदरलँड्स, टोकियोपर्यंत गेल्या आणि तिथल्या मराठी घरांत फिरल्या. त्यांच्यापुढे आमचं एका पुस्तकाचं पार्सल म्हणजे पेटीतून सांडलेलं एक पान. फरक इतकाच की पेटीतलं पुस्तक वाचून परत ठेवलं जातं. इथे त्याच्याबरोबर प्रत्येकाची फजितीही पुढे जाणार आहे.

टपालाचं थोडं बोललं पाहिजे, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. केवळ पुस्तक पाठवायचं तर टपाल खात्यानं 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. आमचं पुस्तक त्या पहिल्या टप्प्यात बसेल. पण वही बसत नाही. पुस्तकांच्या सवलतीच्या टपालात पत्राच्या स्वरूपाचा मजकूर चालत नाही, हा फार जुना दंडक आहे. आणि माझी सांबाराची गोष्ट पत्र नाही, असं शपथेवर सांगायची माझी तयारी नाही. म्हणून दोन्ही एकत्र, साध्या पार्सलनं. चार पैसे जास्त जातील. ज्याला जड वाटेल त्यानं कळवावं, आपण सोय करू.

दुसरी गोष्ट पत्त्याची. महाराष्ट्रात नेर एकच नाही. धुळ्याजवळ एक आहे, साताऱ्यात खटाव तालुक्यात एक आहे, त्याचा तलाव प्रसिद्ध आहे. आमचं नेर ओळखायला शेजारच्या परसोपंताचं नाव जोडावं लागतं. अशा सारख्या नावांचा घोळ निस्तरायलाच तर 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड आला, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातले, संस्कृतात नाटकं लिहिणारे गृहस्थ. टपाल खात्याच्या मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते. संस्कृत कवीनं देशाला सहा आकड्यांत बसवावं, ही मला त्यांच्या नाटकांपेक्षा नाट्यमय गोष्ट वाटते. त्यातला पहिला चार म्हणजे आपला पश्चिम-मध्य भाग, चव्वेचाळीस आला की विदर्भ सुरू झाला, आणि शेवटच्या तीन आकड्यांनी पोस्टमन दारात येतो.

वहीत कसं लिहायचं, याचे नियम मी करत नाही. दोन विनंत्या आहेत. पुस्तकात पेननं खुणा करू नयेत. पेन्सिल चालेल, तीही हलकी. आणि वहीत पुस्तकाचं परीक्षण लिहू नये. परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. कुठल्या पानावर हसलात तो आकडा लिहा आणि त्याखाली तुमचं लिहा: तुम्ही कुठे परके होतात, कुठला शब्द फसला, कुणी घरात बसवून फोन लावून दिला. परदेश पाहिलेला असलाच पाहिजे असं नाही. कारंज्याच्या बाई लग्न होऊन कोल्हापूरकडून आल्या आहेत. तिथला पांढरा रस्सा आणि इथली चून-भाकर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते व्हिटियर आणि आबादानइतकंच असणार, अशी माझी खात्री आहे. पुण्याच्या सरांनी तर आमच्याकडे एकदा येऊन बघावं आणि मे महिन्यात दुपारी दोनला नेरच्या बसस्थानकावर उभं राहून लिहावं. एडिसनच्या ताईंकडून मात्र माझी अपेक्षा मोठी आहे. त्यांनी एरोग्रामवर जे कधीच लिहिलं नाही, ते आता लिहावं. ज्यांना ते वाचून काळजी वाटली असती, ती माणसं आता नाहीत.

पार्सल सोमवारी निघतं. शेवटच्या माणसानं परत पाठवताना नुसतं नेर लिहू नये. नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ, 445102.